कांतीसरांचं डबकं

कांतीसरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते प्रेशर कुकरची माफी मागत होते.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. घोडेगावच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला आलो होतो आणि लोणीसारख्या गावातून येऊन आपण प्राध्यापक झालो या आनंदात वऱ्हांड्यातून उगाचच हिंडत होतो. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावलो. आत एक बुटके, गोरे, जाड भिंगांच्या चष्म्याचे गृहस्थ स्टोव्हवरच्या भल्यामोठ्या कुकरसमोर हात जोडून उभे होते. 'मिच्छामि दुक्कडं' असं पुटपुटले, शिट्टी बसवली आणि मागे वळून म्हणाले, "या. नवीन ना तुम्ही? आत काही कोटी जीव आहेत. थोड्या वेळानं नसतील."

मी घाबरून एक पाऊल मागे घेतलं. पुढे कळलं, की बशांमध्ये वाढवलेले जंतू तसेच उकिरड्यावर टाकता येत नाहीत, आधी वाफेवर मारावे लागतात. त्यासाठी कॉलेजनं ऑटोक्लेव्ह नावाचं यंत्र मागवलेलं होतं आणि मी निवृत्त होईपर्यंत ते मागवलेलंच राहिलं. तोवर कुकरवर भागत होतं. कांतीसर जैन. त्यांच्या घरात पाणी दुहेरी फडक्यानं गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे, आणि हा माणूस पगार घेऊन रोज कोट्यवधी जीव शिजवत होता. "आमच्या अख्ख्या समाजाचं पाप एकट्यानं करायची जबाबदारी माझ्यावर टाकलीय," असं ते स्वतःच सांगायचे आणि स्वतःच आधी हसायचे.

त्यांची ही माफी मुलांच्याही अंगवळणी पडली होती. एका वार्षिक परीक्षेला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला विचारलं, निर्जंतुकीकरणाची पहिली पायरी कोणती? डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या कुठल्याशा वाडीतून चालत येणारी ती मुलगी. तिनं न अडखळता उत्तर दिलं, "सर, पयली माफी मागायची." परीक्षकांनी कांतीसरांकडे पाहिलं. कांतीसर खिडकीबाहेर पाहू लागले. मग परीक्षकांनी विचारलं, "आणि दुसरी?" तर तिनं पुढचं सगळं घडाघडा सांगितलं. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले, आणि एक गुण माफीचा आहे असा दावा कांतीसर पुढे कित्येक वर्षं करत राहिले.

मी कुठल्या तोंडानं त्यांना हसणार? माझे वडील बाबासाहेबांच्या मागोमाग बौद्ध झालेले. आमच्या पंचशीलाची सुरुवातच प्राणिहत्या न करण्यापासून होते. ते शील मी दर बुधवारी विहारात म्हणतो आणि रविवारी मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करतो. कांतीसरांना हे ठाऊक होतं. "गायकवाड सर, तुम्ही डोळ्याला दिसणारे खाता, मी न दिसणारे मारतो. देवानं आपल्याला एका टेबलावर बसवलंय ते उगाच नाही," असं ते म्हणत, आणि आपल्या डब्यातली मेथीची पुरी माझ्या झाकणात ठेवत.

त्यांचं घर बाजारपेठेत होतं. वडील सुगनशेठ यांचं किराणा-भुसाराचं दुकान, शिवाय डोंगरातून येणाऱ्या हिरड्याची खरेदी. दुकानाच्या मागच्या बाजूला घर, आणि घरात कांतीसरांच्या आई. सगळं घोडेगाव त्यांना बाईजी म्हणे, कांतीसर नुसतं बाई म्हणत. मुलगा पुण्याला जाऊन डोळ्याला न दिसणाऱ्या जिवांचं शास्त्र शिकणार हे कळलं तेव्हा बाईजींनी दोन वेळचं जेवण सोडलं होतं. सुगनशेठ म्हणाले होते, "हिरड्याला गिऱ्हाईक तरी आहे. तुझ्या जंतूंना कोण विचारतो?" शेवटी बाईजींनीच तोड काढली. त्यांच्या माहेरी रीत होती, की पाणी गाळल्यावर फडक्यावर जे जीव राहतात ते ज्या विहिरीचे त्याच विहिरीत अलगद सोडायचे. परक्या पाण्यात टाकले तर ते जगत नाहीत. बाईजींनी मुलाकडून वचन घेतलं. मारावे लागतील तेवढे मार, त्यांची माफी माग. पण उरलेल्या पाण्यातल्या जिवांना त्यांच्या घरी नेऊन सोड. तुझ्यामुळं कुणाचं घर मोडलं असं माझ्या कानावर येऊ देऊ नको.

कांतीसरांनी वचन दिलं. तेव्हा त्यांना वाटलं असणार, की पाणी घोड नदीचं नाहीतर विहिरीचं असेल, संध्याकाळी फिरायला जाताना ओतून येऊ.

आणि पीएच.डी.ला विषय घेतला समुद्राचा. कारखान्यांची घाण किनाऱ्याच्या पाण्यात आली की तिथल्या जिवांच्या वस्तीचं काय होतं, हा. कॉलेजात जो तो विचारायचा, समुद्र कुठं, घोडेगाव कुठं, मधे अख्खा सह्याद्री आडवा. कांतीसर म्हणायचे, "घोडेगावात बसून समुद्राचा अभ्यास करणारा मी जगातला पहिला आहे. दुसरा व्हायची हिंमत अजून कुणी केलेली नाही."

विषय मात्र ते असा समजावून सांगत, की शिपायालाही कळावा. स्वच्छ पाणी म्हणजे आपला आठवडे बाजार. एक मेथीवाली, एक बांगड्यावाला, एक कोयते विकणारा, एक सुकटवाली. प्रत्येकाचं थोडं थोडं, पण शंभर तऱ्हा. घाण आली की बाजार ओस पडत नाही, उलट गर्दी वाढते. फक्त मेथीवाली, बांगड्यावाला उठून जातात आणि जिकडं बघावं तिकडं एकाच मालाची दुकानं. घाण ज्यांना खाता येते किंवा सोसता येते तेवढेच उरतात, आणि मग तेच वाढत सुटतात. "म्हणजे आपली स्टाफरूम," असं मी म्हणालो. स्टाफरूममध्ये त्या वेळी सर्वांत जास्त आवाज माझाच असायचा, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

त्यांना पाणी दोन जागचं लागे. एक, कल्याणच्या पलीकडच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या खाडीचं. दुसरं, तुलनेसाठी, अलिबागच्या खालच्या एका लहान कोळीवाड्याच्या किनाऱ्याचं. तपासायचं पाणी ते काचेच्या उकळलेल्या बाटल्यांत, बर्फाच्या पेटीत घालून आणत. त्यात कसूर नाही. पण त्या जिवांना बशीत वाढवायचं तर त्यांचं जेवणही समुद्राच्याच पाण्यात रांधावं लागतं, आणि त्याला पाणी भरपूर लागतं. ते येई दुकानातल्या शेंगदाणा तेलाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून. बाईजी स्वतः राखेनं आणि गरम पाण्यानं ते डबे घासून देत. जेवण रांधून उरलेलं पाणी पुढच्या खेपेला त्याच डब्यांतून परत जाई, ज्याचं त्याच्या जागी.

जुन्नरच्या स्टँडवर हा प्रकार प्रसिद्ध होता. माळशेज घाटानं कल्याणला जाणाऱ्या गाडीत कांतीसर डबे चढवू लागले की कंडक्टर हटकायचा.

"ओ पावणं, डब्यात काय हाय? राकेल न्हाई ना?"

"समुद्राचं पाणी आहे."

"कुठं नेताव?"

"समुद्रात टाकायला."

कंडक्टर टोपी मागे सारून बघत राहायचा. "मंग आणलं कशाला व्हतं राव?"

मी एकदा बरोबर होतो तेव्हा सबंध गाडी या प्रश्नाच्या उत्तराची वाट बघत होती. कांतीसर शांतपणे म्हणाले, "फिरायला आणलं होतं. घोडेगाव बघायचं होतं त्याला." त्यानंतर त्या कंडक्टरनं डब्यांना कधी अडवलं नाही. उलट घाटात गाडी हेलकावली की मागे वळून विचारायचा, "पाण्याला मळमळ नाय ना व्हत?"

पाण्याला होत नव्हती, मला झाली. क्षार मोजून देतो अशी फुशारकी मारून मी गेलो होतो. घाटाच्या तिसऱ्या वळणानंतर मी काहीच मोजण्याच्या अवस्थेत नव्हतो. चाळिशी जवळ आलेली आणि समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मोठ्या रुबाबात खडकावर चढलो आणि शेवाळावरून सटकून बसलो तो उठलोच नाही. कोळणी पदर तोंडाला लावून हसत होत्या. कांतीसर मात्र पाण्यात उतरतच नसत. त्यांना पोहता येत नव्हतं. किनाऱ्यापासून वर, खडकात एक खोलगट डबकं होतं. रोजची भरती तिथवर पोचत नसे. मोठ्या उधाणालाच समुद्र तिथं येऊन पाणी बदलून जाई. कांतीसर त्या डबक्याकाठी उकिडवे बसून बाटल्या भरत. उरलेलं पाणी सोडायचं तेही तिथंच. डबा तिरका करून, धार न लावता, बाळाला अंघोळ घालावी तसं ते पाणी सोडत.

अशी बरीच वर्षं गेली. नोकरी, परीक्षा, घर सांभाळून वर्षातून काही खेपा. आणि मग त्यांना मोठी गोष्ट सापडली. खाडीतलं पाणी घाण होतंच, त्यात नवल नव्हतं. पण त्या स्वच्छ किनाऱ्यावरच्या डबक्यातला बाजारही हळूहळू मोडत चालला होता. दर खेपेला एकेक तऱ्हा कमी, आणि तेल खाणारे जीव मात्र चढत्या भाजणीनं वाढते. कांतीसर हरखून गेले. त्यांचा तर्क असा, की समुद्रात दूरवर जहाजांचं तेल सांडतंय आणि डोळ्याला दिसायच्या आधी ते या जिवांना कळलंय. पुण्यातले त्यांचे मार्गदर्शक खूश झाले. म्हणाले, प्रबंधाचा कणा सापडला. फक्त खात्रीसाठी शेजारच्या आणखी एका डबक्याचं पाणी तपासा आणि लिहून टाका.

शेजारच्या डबक्याचं पाणी आलं. बशा तयार झाल्या. त्या दिवशी दुपारी मी सहज प्रयोगशाळेत गेलो तर टेबलावर बशांच्या दोन रांगा. एका रांगेत पांढरे चिकट ठिपके, सगळे एकाच छापाचे. दुसऱ्या रांगेत पिवळे, गुलाबी, केशरी, करडे, शंभर तऱ्हा. दोन डबक्यांत अंतर किती, तर एक लांब टांग. तेल जहाजाचं असतं तर त्यानं एका डबक्यात शिरून दुसरं सोडलं नसतं.

कांतीसरांनी दोन्ही रांगांतल्या बशा एकेक करून उजेडात धरून पाहिल्या. मग उठले, कोपऱ्यातला डबा घेतला, झाकण काढलं आणि नाक आत घातलं. मग तो माझ्यापुढे धरला. घासूनपुसून लख्ख केलेला डबा; तरी तळाशी शेंगदाणा तेलाचा वास. पाणी त्यात दिवसच्या दिवस राहायचं, तेल खाणारे जीव त्यात माजायचे, आणि ती सगळी फौज हा माणूस दर खेपेला घाट उतरून, हात जोडून त्या डबक्यात सोडून येत होता. खाडीतही सोडत होता, पण खाडीला त्याचं काय! या एवढ्याशा डबक्याला मात्र ते पुरून उरलं.

कांतीसर हसायला लागले. इतके हसले की चष्मा टेबलाखाली पडला. "गायकवाड सर, आरोपी सापडला," ते म्हणाले. "घोडेगावचाच निघाला. बाजारपेठेत राहतो."

आणि मग चष्मा उचलायला खाली वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत.

मी माझा शहाणपणा पाजळला. म्हणालो, शेजारचं डबकं विसरून जा, कुणाला कळतंय? मुदत संपत आलीय. खोटं न बोलण्याचंही एक शील आमच्याकडे आहे, पण माझी शीलं अडीअडचणीला हजर नसतात. कांतीसरांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "प्रबंधाचं मी बघेन हो. बाईंना काय सांगू? वचन पाळत पाळत मोडलं."

घरी सांगायचं धाडस त्यांना झालं नाही. प्रबंध मात्र त्यांनी खरं ते घालून नव्यानं लिहिला. तोंडी परीक्षा सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून सुगनशेठ, बाईजी, आम्ही चार सहकारी असे जीप करून पुण्याला गेलो. बाईजी पहिल्या रांगेत, डोक्यावर पदर, मांडीवर हात. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं. कांतीसरांचा भरवसा बहुधा त्यावरच असावा. खाडीचं सगळं नीट पार पडलं. डबक्याची पाळी आली तेव्हा कांतीसर थांबले. पाणी प्यायले. आणि परीक्षकांकडे पाठ करून चक्क मराठीत बोलू लागले.

"बाई, त्या डबक्यातलं पाणी मी खराब केलं. दुसऱ्या कुणी नाही. आपल्या तेलाच्या डब्यातून मी जे जीव परत नेत होतो, त्यांनी तिथल्या राहत्या जिवांना उठवलं."

सभागृहात काही जण हसले. दक्षिणेकडचे परीक्षक गोंधळून मार्गदर्शकांकडे पाहू लागले, आणि मार्गदर्शक त्यांच्या कानाशी भाषांतर करू लागले. बाईजी हलल्या नाहीत. शेवटी रिवाजाप्रमाणे, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचंय का, असं विचारलं गेलं. असं कधी कुणी विचारत नाही. सगळ्यांचं लक्ष चहाकडे असतं. बाईजी उठून उभ्या राहिल्या.

"जे उठून गेले ते परत आले का रे?"

कांतीसरांनी मान खाली घातली. "ठाऊक नाही, बाई. पाणी ओतायचं बंद केलंय. पुढचं अजून पाहिलं नाही."

परीक्षकांना भाषांतर पोचलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि काहीतरी टिपून घेतलं. पदवी मिळाली. पेढे वाटले गेले. परतीच्या वाटेवर जीपनं मंचर मागे टाकलं. मग बाईजी म्हणाल्या, "ते सगळे परत येईस्तोवर मला शेंगदाण्याचं तेल बंद."

भुसारवाल्याच्या घरात हे व्रत म्हणजे काय ते विचारू नका. सुगनशेठनी डोक्याला हात लावला. बाईजींचं जेवण वरण-भात, भाकरी आणि चमचाभर तूप एवढ्यावर आलं. दुसऱ्या दिवसापासून कांतीसरांच्याही डब्यातली मेथीची पुरी गेली आणि कोरडी भाकरी आली. माझ्या झाकणात काही पडेनासं झालं. म्हणजे पाप केलं त्यांनी, व्रत धरलं बाईजींनी आणि उपास घडला मला.

कांतीसर आता डॉक्टर झाले होते. डॉक्टर झाल्यावर माणसं प्रयोगशाळेला कुलूप लावतात. हे दर वर्षी पावसाळ्यातली उधाणं सरली की एकच काचेची बाटली घेऊन कल्याणची गाडी पकडू लागले. पहिल्याच वर्षी निम्म्याहून जास्त तऱ्हा परत दिसल्या. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. पण एक केशरी जीव होता, फार सावकाश वाढणारा, तो काही दिसेना. बाईजी विचारायच्या, कांतीसर खरं ते सांगायचे, आणि बाईजी भाकरीवर तूप घ्यायच्या. मी एकदा म्हणालो, "अहो, एका जातीसाठी काय अडून बसलाय? सांगा आले म्हणून." कांतीसर म्हणाले, "बाईंनी 'सगळे' म्हटलंय."

दोन हजारचं साल उलटून गेल्यावर बाईजी गेल्या. झोपेतच गेल्या. तोपर्यंत केशरी दिसला नव्हता. दिवस झाल्यावर मी भेटायला गेलो आणि भीत भीत म्हणालो, "सर, व्रत त्यांचं होतं. आता तुम्ही जेवायला हरकत नाही." ते म्हणाले, "व्रत त्यांचं होतं, पण डबा माझा होता." मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त, हा माणूस आपल्या टेबलावर बसतो याचा अभिमान वाटला. तसं सांगायचं सोडून मी पारगावच्या कारखान्याचा गळीत हंगाम कसा चाललाय यावर बोलत बसलो.

पुढे मी निवृत्त होऊन लोणीला आलो. कांतीसर पुण्याला मुलीकडे जायच्या तयारीत आहेत असं ऐकलं होतं. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते याच घराच्या ओट्यावर. दिवाळी होऊन गेली होती, उन्हं कलली होती. मी आत लवंडलो होतो. माझी बायको पारगावची, तिचा आवाज आधी आला.

"आवं उठा, कांतीसर आल्यात. हिकडं एकलंच आल्यात यष्टीनं, आन् म्हनत्यात वहिनी, भजी करा. बरं हाय ना त्यांचं?"

मी धोतर सावरत बाहेर आलो. सर ओट्यावर बसले होते, पायांत धुळीनं भरलेल्या चपला, खांद्याला पिशवी. चेहरा उन्हानं लाल झाला होता. मी विचारलं, "आला?"

"आला," ते म्हणाले. "एकच ठिपका आहे. पण आहे."

परसातली घोसाळी तोडून आणली. कांदा त्यांना चालत नव्हता. तेल कुठलं, असं त्यांनी आत डोकावून दोनदा विचारलं. शेंगदाण्याचंच म्हटल्यावर समाधानानं परत येऊन बसले. पहिलं भजं तोंडात घातलं आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली. मिरची जास्त झाली का, असं बायकोनं विचारलं. ते मानेनं नाही म्हणाले. "बाई असायला पाहिजे होत्या हो, गायकवाड सर," एवढंच म्हणाले आणि उपरण्यानं तोंड पुसलं.

दिवस मावळल्यावर ते जेवत नसत. त्यांनी ओट्यावरून मान लांब करून उसाच्या शेतापलीकडे सूर्य किती उरलाय ते पाहिलं आणि आत हाक मारली, "वहिनी, वेळ आहे अजून. एक घाणा बाईंच्या वाटणीचा काढा."

बायकोनं काढला. तोही त्यांनी एकट्यानं संपवला, मला एक भजं ठेवलं नाही.